बॉक दिला तरी शिव्या, नाही दिला तरी शिव्या: न्यू जर्सीत अंपायर होतानाचा माझा अनुभव

बेसबॉलमध्ये पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, केलेली नियमबाह्य हालचाल म्हणजे बॉक, आणि ती दिसली की अंपायरने तसं ओरडायचं. स्पेलिंगमध्ये (balk) एल आहे पण उच्चार बॉक. पहिल्या दिवशी घरी प्रॅक्टिस म्हणून जोरात ओरडून बघितलं तर किचनमधून बायको म्हणाली, कोंबडी शिरली का रे घरात.

तर झालं असं की मुलगा हायस्कूलला बेसबॉल खेळायला लागला आणि मी दर मॅचला कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसायचो, डोंबिवलीत टेनिस बॉल क्रिकेट खेळलेला माणूस, गप्प थोडाच बसणार, अंपायरला नावं ठेवायचो. एका इनिंगनंतर तो अंपायर शांतपणे म्हणाला, आम्हाला माणसं कमी पडतायत, फेब्रुवारीत क्लास आहे, या. गेलो.

क्लास म्हणजे आठवड्यातून दोन संध्याकाळी एका शाळेच्या कॅफेटेरियात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन. मग लेखी परीक्षा, मग जिममध्ये उभं राहून सिग्नल. सामान स्वतःच्या पैशाने, मास्क, छातीचं पॅड, शिनगार्ड, करड्या पँट, होम प्लेट, म्हणजे बॅट्समनच्या पायाशी जमिनीत बसवलेली पाटी, झाडायचा छोटा ब्रश आणि बॉल-स्ट्राइक मोजायचा क्लिकर. स्ट्राइक झोन, आउट-सेफ, इन्फिल्ड फ्लाय, सगळं डोक्यात शिरलं. बॉक काही शिरेना.

क्रिकेटवाल्यांसाठी सोप्या भाषेत सांगतो. बेसवर रनर असताना पिचरने त्याला फसवायचं नाही. म्हणजे रबरवर, पिचरच्या पायाखालच्या पट्टीवर, पाय ठेवून टाकायची हालचाल सुरू केली की टाकायलाच पाहिजे, सेट पोझिशनमध्ये दोन्ही हात एकत्र आणून पूर्ण थांबायला पाहिजे, फर्स्ट बेसला फेकायचं तर पाऊल त्या बेसच्या दिशेनेच पडलं पाहिजे. चुकला की सगळे रनर एकेक बेस फुकट पुढे. थर्डवर रनर असेल तर सरळ रन. २०१५ च्या जूनमध्ये मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, डॉजर्सनी टेक्सास रेंजर्सला अशाच बॉकवर १-० हरवलं होतं, नवव्या इनिंगमध्ये, चेंडूला बॅट न लागता.

आता "पूर्ण थांबला" म्हणजे किती? आमच्या सरांनी यावर एक किस्सा सांगितला. १९८८ साली मेजर लीगने नियमात थांबणं "स्पष्ट दिसलं पाहिजे" अशा अर्थाचा शब्द घातला, आणि आदल्या वर्षी ३५६ बॉक होते ते त्या वर्षी ९२४ झाले. ओकलंडचा पिचर डेव्ह स्टुअर्ट, त्याच्या एकट्यावर १६. वैतागून पुढच्या वर्षी तो शब्द काढून टाकला. पिचर तेच, हात तेच, खांदे तेच. मी विचारलं मग आम्ही नक्की काय बघायचं, तर सर म्हणाले बघता बघता कळेल. हे उत्तर मला आमच्या गावच्या वैद्यांनी नाडीबद्दल दिलं होतं.

पावलाचंही तेच. सगळे ४५ अंशाची रेष म्हणतात, बेस आणि होम प्लेटच्या मधली, पाय त्या रेषेच्या होमकडच्या बाजूला पडला तर बॉक. पुस्तकात शोधली, रेष कुठेच नाही! नुसतं "बेसच्या दिशेने". रेष अंपायर लोकांनी आपली आपण मनात आखलेली, आणि प्रत्येकाचं मन वेगळं.

पहिल्या मॅचला बेस अंपायर होतो, एप्रिलची थंडी, बोटं गारठलेली. दुसऱ्या इनिंगला पिचर न थांबता सरळ टाकून मोकळा झाला, मी बोट दाखवून ओरडलो "बॉक!" आणि नेमका त्याच चेंडूवर बॅट्समनने लांब फटका मारला, डबल, म्हणजे थेट सेकंड बेसपर्यंत. टीव्हीवर मेजर लीग बघून मला पाठ होतं की खेळ चालू ठेवायचा, बॅट्समन आणि सगळे रनर एकेक बेस तरी पुढे गेले तर बॉक विसरायचा. मी डबल दिली. माझा पार्टनर, वीस वर्षं उभा राहिलेला माणूस, मास्क काढून हळूहळू चालत आला आणि कानात म्हणाला, हायस्कूलमध्ये बॉक म्हटलं की चेंडू तिथेच मेला, खेळ थांबला. डबल परत घेतली, पोराला सेकंडवरून बोलावून पुन्हा बॅटिंगला लावलं, त्याच्या बापाने गाडीत बसेपर्यंत मला सुनावलं आणि खरं सांगतो, त्याच्या जागी मी असतो तर मीही सुनावलं असतं.

त्यानंतर मी घाबरून बॉक देणंच बंद केलं. पार्टनरही म्हणायचा, अगदी ढळढळीत असेल तरच दे, नाहीतर मॅच संपत नाही. दुसरा एक पार्टनर मात्र खांदा हलला की देणारा. आज याच्याबरोबर, उद्या त्याच्याबरोबर, पोरांनी शिकायचं काय?

मे महिन्यात एक डावखुरा पिचर होता, उंच, उजवा पाय वर घेऊन हवेत धरायचा, रनर बिचारा ताटकळत, आणि मग पाय धड फर्स्टकडे नाही धड होमकडे असा टाकून पिकऑफ, म्हणजे फर्स्टला फेकून बेस सोडलेल्या रनरला आउट करायचं. दोन रनर आउट केले त्याने. तिसऱ्या वेळी मी बॉक दिला. कोच बाहेर आला, ओरडला वगैरे नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाला (अंपायरला इथे ब्लू म्हणतात), "ब्लू, मंगळवारी याने हीच मूव्ह पाच वेळा केली, एकदाही बॉक नाही दिला."

मी म्हटलं, मंगळवारचा अंपायर वेगळा असेल, मी मला जे दिसतं ते देतो.

"मंगळवारी तुम्हीच होतात," तो म्हणाला. "प्लेटला."

खरंच होतो. मास्कमधून मी स्ट्राइक झोन बघत होतो, पाय बघितलाच नव्हता.

घरी येऊन ड्राइव्हवेवर खडूने ४५ अंशाची रेष आखली आणि मुलाला म्हटलं तीच मूव्ह कर, तोही डावराच आहे. तो करत गेला, मी बॉक, नाही, नाही, बॉक असं म्हणत गेलो, बायको फोनवर शूट करत होती. रात्री जेवताना व्हिडिओ बघितला. दहाच्या दहा वेळा त्याचं पाऊल खडूच्या त्याच डागावर पडत होतं. मी चार दिले होते.