आमची वाटचाल : बी विकतो, रोप नाही

नॅस्टर्शियम या एकाच फुलझाडाच्या बियांवर घर चालतं का, असं लोक अजून विचारतात. चालतं. आम्ही फक्त नॅस्टर्शियम करतो आणि त्यातही बीच, रोप नाही, हे पाकिटावर पहिल्यापासून छापलेलंय. याच हट्टापायी एकदा शटर कायमचं खाली यायची वेळ आली होती, ते पुढे सांगतोच.

सुरुवात ताईने आणि मी केली. हिशोब माझ्याकडे, बी तिच्याकडे. तिची हत्यारं म्हणजे दोन चाळण्या, एक सूप आणि रद्दी पेपर. नॅस्टर्शियमच्या फुलामागे बहुतेक वेळा तीन बिया एकत्र चिकटून धरतात, त्या हिरव्या असताना तोडायच्या नाहीत, फिकट तपकिरी होऊन सुरकुतल्या आणि नुसता हात लागताच सुटल्या की मगच गोळा करायच्या आणि सावलीत पेपरवर पसरायच्या. ताई चाळून बारकं खाली पाडायची, पाखडून पोकळ उडवायची आणि उरलेलं नखाने दाबून बघायची. मशीन घेऊया म्हटलं की म्हणायची, मशीनला नख फुटलं की सांग. अजून घेतलेलं नाही.

पहिली काही वर्षं बरी गेली.

मग तो रोपवाला आला. नाव घेत नाही, लाइनमधल्यांना कळेलच. ट्रेमध्ये नॅस्टर्शियमची रोपं, हिरवीगार, टवटवीत, वर खताची पुडी फ्री! आता ज्याने हे झाड एकदा तरी लावलंय त्याला सांगायला नको, की अँडीजच्या डोंगरांकडून आलेलं हे झाड हलक्या, निचऱ्याच्या मातीत खुश असतं, खतातला नायट्रोजन जास्त झाला की नुसती पानं माजतात आणि फूल शोधावं लागतं. शिवाय मुळं नाजूक, ट्रेमधून उपटून दुसरीकडे लावलं की रुसतंच. पण ट्रेमध्ये दिसायला काय छान दिसायचं ना, लोक म्हणायला लागले की बी कोण पेरत बसेल. आमच्या ऑर्डरी आटल्या. छपाईवाल्याची उधारी थकली, जागेचं भाडं थकलं, बियांचे डबे तसेच पडून. ते एकवेळ चाललं असतं, पण त्या रोपांना फुलं आली नाहीत तेव्हा लोकांनी त्याला नाही, झाडालाच नावं ठेवली. "नॅस्टर्शियम घरी जमतच नाही." म्हणजे माल त्याचा आणि बदनामी आमची. याचा राग अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही.

त्यात तगलो ते एका मॅडममुळे. रिटायर्ड शिक्षिका, खिडकीतल्या कुंड्यांत एम्प्रेस ऑफ इंडिया लावायच्या, तीच ती गडद पानांची आणि लाल फुलांची बुटकी जात, आणि जाळीवर वेलवाल्या जाती. त्यांनी काय केलं, एकाच वाफ्यात आमचंच बी पेरून अर्ध्या भागाला खत दिलं, अर्ध्याला काहीच नाही. एकीकडे पानांचं रान, दुसरीकडे फुलंच फुलं. त्याचे फोटो त्या ओळखीच्या प्रत्येकाला दाखवत सुटल्या आणि वर हिरव्या बियांचं व्हिनेगरमधलं लोणचं चाखायला द्यायच्या, केपर्सच्या, म्हणजे परदेशी पदार्थांत घालतात त्या खारवलेल्या कळ्यांच्या, ऐवजी चालतं ते. लोक परत आले ते त्या लोणच्यापायी की फोटोंमुळे, देव जाणे. आजही नवीन बी निघालं की पहिलं पाकीट त्यांना जातं, पैसे घेत नाही, त्या भांडून देतात.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. बी रात्रभर पाण्यात ठेवा, साधारण अर्धा इंच खोल थेट जागेवरच पेरा. गार हवेत फुलतं, कडक उन्हाळ्यात फुलं कमी झाली म्हणून आम्हाला फोन करू नका. काळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, येणारच आणि कोबीवरची पांढरी फुलपाखरंही अंडी घालणार, कारण पान चावल्यावर जो मोहरीसारखा झणका लागतो तो त्याच जातीच्या तेलाचा आणि ती फुलपाखरं त्याच वासाला येतात. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा. औषध मारलंत तर ते फूल सॅलडमध्ये घालायचं नाही, शोभेलाच ठेवायचं. खायची फुलं सकाळी तोडा आणि मागच्या शेपटीत मुंगी नाही ना ते बघून घ्या, तिथे मध असतो.

हल्ली तो रोपवालाही बियांची पाकिटं विकतो. मागच्या बाजूला "थेट जागेवर पेरा, खत टाळा" लिहिलेलंय, आमच्या पेरणीच्या सूचनांच्या कार्डावरची ओळ जशीच्या तशी, कार्डावर दुसरीकडे "निचरा"चं "नीचरा" छापलं गेलं होतं तेसुद्धा तसंच. घ्यायचं तर घ्या बापडे, पण पाकीट उघडल्यावर एक बी नखाने दाबून बघा.