माळावरचा माणूस गौताळ्यात

"बाटल्या किती?" नाक्यावरच्या मामांनी गाडीच्या खिडकीत डोकं घालून विचारलं.

मला वाटलं, दारूच्या. "तसलं काही नाही मामा."

"पाण्याच्या हो भाऊ, प्लास्टिकच्या." त्यांनी पाच मोजल्या, वहीत लिहिल्या, पावती फाडली आणि दिवस बुडायच्या आत बाहेर या म्हणत दांडा वर केला. पैसे देताना मी कुरकुरलोच. सरकारी जंगल म्हणजे आपलंच की, मग आपल्याच जंगलात शिरायला पावती कसली? आत्येभाऊ इथल्याच कन्नड गावचा. त्यानं काही न बोलता गिअर टाकला.

लातूरकराला जंगलाचं काय अप्रूप असतं ते सांगायला हवं. आमच्या जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. मोकळं म्हणून जे होतं ते गावाचं गायरान. शाळेचं वनभोजनही तिथंच, एका मोठ्या लिंबाखाली. दशम्या, कारळाची चटणी, मग अंधार पडेपर्यंत सूरपारंब्या. आता त्या माळाच्या एका अंगाला पत्र्याची शेडं आणि दुसऱ्या अंगाला प्लॉटिंगचे दगड. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सांगितलं होतं. आमच्याकडे त्या निकालावर टपरीवर बसून भरपूर चर्चा झाली. टपरी गायरानातच आहे.

तर गौताळा. पूर्ण नाव गौताळा-औट्रमघाट अभयारण्य. गौतम ऋषींनी इथं तप केलं म्हणून गौताळा आणि खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रम साहेबावरून घाटाचं नाव. ऋषी आणि साहेब एकाच पाटीवर नांदतात. १९८६ साली अभयारण्य झालं. सुमारे २६० चौरस किलोमीटर, थोडं आपल्या संभाजीनगर जिल्ह्यात, थोडं घाट उतरून जळगावात.

भाद्रपदाचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कमरेएवढं गवत, सीताफळं अजून कच्ची, आणि अंजन. हे झाड मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. पान देठाशी दुभंगलेलं, आपट्याच्या पानाचं धाकटं भावंड म्हणावं असं. भावानं वाळकी काटकी उचलून माझ्या हातात दिली. बोटाएवढी काटकी, पण हाताला खिळ्यासारखी जड लागली. "पाण्यात टाक," तो म्हणाला. ओढ्यात टाकली तर दगडासारखी तळाला गेली. मी आणखी दोन टाकून पाहिल्या. चाळीस वर्षांचा माणूस ओढ्याकाठी उकिडवा बसून काटक्या बुडवतोय. वेळ बरा गेला.

२०२१ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात वाघ सापडला होता, यवतमाळच्या टिपेश्वरहून तीनशेहून अधिक किलोमीटर चालत आलेला. मधल्या शेताशिवारांतून, रस्त्यांवरून, गावांच्या कडेकडेनं तो कसा आला असेल याचा विचार तलावाच्या काठी बसून बराच वेळ केला. आम्हाला मात्र मोर आणि वानरं एवढंच दिसलं.

धबधब्यावर आमच्या आधी आठ-दहा पोरं पोचली होती. सोबत खोक्याएवढा स्पीकर. गाणं कोणतं ते सांगत नाही, तुम्ही ते वरातीत ऐकलेलं आहे. मी बोलायला उठलो तर भावानं हात धरला. अर्ध्या तासानं स्पीकरची बॅटरी संपली आणि मग कुठं धबधबा ऐकू आला. पोरंही जरा गप्प झाली. एक जण तर पाय पाण्यात सोडून बराच वेळ वरची धार बघत बसला. मग कुणीतरी हाक मारली आणि सगळे गेले. बाटल्या तिथंच राहिल्या.

मला आदल्या दिवशीचं पितळखोरं आठवलं. तेही याच जंगलात, पठारावरून पायऱ्यांनी घळीत उतरलं की तेरा लेणी, इसवी सनाच्या आधीपासून कोरलेली. हत्तींची रांग आहे, दारावर भालेवाले रक्षक आहेत. पण मी खिळलो तो पाच फण्यांच्या नागापाशी. मागच्या कातळातून पाणी खेळवून ते फण्यांतून बाहेर पडावं अशी सोय त्या कारागिरांनी केली होती. इथलाच एक यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कण्हदास नावाच्या सोनारानं तो घडवून त्यावर आपलं नाव कोरलं. त्याला तो हक्क होता. खांबावरच्या जुन्या रंगात किल्लीनं बदाम ओरबाडणाऱ्याला कुणी दिला, कोण जाणे.

भाकरी-ठेचा उरकला, पोरांच्या बाटल्या गोळा केल्या, त्यातल्या एकीत अजून निम्मं पाणी होतं ते बुंध्याशी ओतलं आणि निघालो.

नाक्यावर दिवस बुडायला आला होता. मामांनी वही काढली, बोट लावून आमची ओळ शोधली, डिकीत डोकावून मोजलं आणि पुन्हा मोजलं.

"भाऊ, इथं पाच लिहिल्यात. ह्या अकरा हायेत."

"सहा आतल्या आहेत, मामा."

त्यांनी पेन कानावर अडकवला, वहीकडे पाहिलं. अशासाठी तिथं रकानाच नव्हता.