आईंसाठी गादी शोधताना

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंच्या पलंगावरची चादर काढली, तर गादीच्या मधोमध हातभर लांब खड्डा. चादर घट्ट खोचलेली, त्यामुळे तो कधी दिसलाच नव्हता. आई कित्येक महिने सकाळी उठल्या की म्हणायच्या, "अंग नुसतं आंबून जातं गं." आम्ही ते वयावर ढकलत राहिलो. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

आम्ही ठाण्यात चरईला राहतो. पूर्वी घरात कापसाच्याच गाद्या होत्या. कापसाची गादी गार असते, पाठीला आधारही देते. पण तिला सारखं ऊन दाखवावं लागतं आणि दोन-तीन वर्षांनी कापूस पिंजून घ्यावा लागतो. ठाण्याच्या पावसाळ्यात ऊन कुठून आणायचं? गाठी झाल्या, कुबट वास यायला लागला, पिंजारीही बिल्डिंगमध्ये फिरकेनासा झाला. मग "कंबरेला कडकच बरी" या सगळ्यांच्या सल्ल्यावरून काथ्याची घेतली. नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून तो दाबून बनवतात. हवा खेळती राहते, सुरुवातीला छान टणकही असते. पण रोज एकाच जागी झोपलं की काथ्या तिथे दबतो आणि पुन्हा वर येत नाही. हा खड्डा त्याच गादीतला.

नवऱ्याने घाईने मेमरी फोमची गादी ऑनलाइन मागवली. हा फोम १९६६ साली नासासाठी, विमानातल्या आसनांकरता तयार झाला. अंगाच्या उबेने तो मऊ पडतो आणि शरीराचा आकार घेतो. खांदा दुखणाऱ्याला यात खरंच आराम मिळत असेल. आईंना मात्र त्यात रुतल्यासारखं व्हायचं. कूस बदलायची तर आधी त्या खळग्यातून वर यावं लागे, आणि त्यांच्या गुडघ्यांत तेवढा जोर नाही. शिवाय फोम ऊब धरून ठेवतो, त्यामुळे पंखा पाचवर असूनही पाठ घामेजलेली. गादी परत करायची ठरवली, तर नेणारा माणूस येईपर्यंत तीन आठवडे ती हॉलमध्ये उभी होती. परतीची मुदत किती आहे याबरोबरच परत न्यायला कोण आणि कधी येणार, हेही आधी विचारा.

मग डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, फार कडकही नको आणि फार मऊही नको. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास छापून आला होता, तोही त्यांनी सांगितला. जुनं कंबरदुखणं असलेल्या ३१३ जणांना ९० दिवस वेगवेगळ्या गाद्या दिल्या होत्या, आणि कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपलेल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. आमच्या घरातली इतक्या वर्षांची समजूत तिथेच गळून पडली.

त्यानंतर दोन रविवार आईंना घेऊन घोडबंदर रोडवरची दुकानं पालथी घातली. दुकानदार तळव्याने गादी दाबून दाखवतात, त्यावरून काही कळत नाही. मी आईंना चप्पल काढून सरळ आडवं व्हायला सांगायचे. उताणं झोपल्यावर कंबरेखालच्या पोकळीत हात सरकवून बघायचा. सहज आरपार गेला तर गादी कडक, शिरतच नसेल तर फार मऊ, थोडा अडखळत गेला तर ठीक. मग त्यांच्या नेहमीच्या डाव्या कुशीवर दहा मिनिटं. आधी त्या लाजत होत्या, चौथ्या दुकानात स्वतःच म्हणाल्या, "थांब, अजून वेळ झाली नाही."

साध्या स्प्रिंगच्या गादीत सगळ्या स्प्रिंगा एकमेकींना जोडलेल्या असतात. शेजारचा वळला की आपण हलतो. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते, म्हणून तसं होत नाही. आम्हा दोघांसाठी पुढे तीच घेतली. लॅटेक्स रबराच्या चिकापासून बनतं. दाबलं की लगेच वर येतं, फोमइतकं तापत नाही. पण महाग, आणि उचलायला भयंकर जड. 'ऑर्थोपेडिक' हा शब्द तर निम्म्या गाद्यांवर छापलेला होता. त्या शब्दावर विसंबून गादी घेऊ नये.

आईंना एक दहा इंची गादी आवडली होती. घेणारच होतो, इतक्यात त्या काठावर बसल्या आणि लक्षात आलं, पाय जमिनीला टेकत नाहीत. घरचा पलंग दुकानातल्याहूनही उंच. रात्री बाथरूमला उठताना पाय लोंबकळला तर तोल जायचा. घरी येऊन टेपने मोजलं आणि पाच इंचाची घेतली: खाली काथ्या, वर दोन इंच लॅटेक्स, काठ टणक.

पहिले चार दिवस त्यांना नवीन नवीन वाटलं. पाचव्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर साडेसहा वाजले तरी झोपलेल्या होत्या. एरवी पाचलाच उठून बसतात. आता दर तीन महिन्यांनी गादीची डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवते, आणि चादर बदलताना मधोमध तळहात दाबून बघते.