अंगठ्याच्या ठशाची बाजू

लंडनमधील एका संग्रहात जुन्या छायाचित्रांच्या जतनाचे काम मी करते. भेट म्हणून आलेल्या एका पेटीतील काचेच्या निगेटिव्ह तपासत असताना ‘चेल्सीचा काठ, थेम्सच्या उगमाकडे पाहताना’ अशी नोंद असलेली प्लेट माझ्यासमोर आली. सोबतच्या स्कॅनमध्ये उजव्या हाताला चेल्सी ओल्ड चर्चचा चौकोनी मनोरा, त्याच्या पायथ्याशी दाटीने उभी घरे आणि ओहोटीच्या चिखलात टेकलेले मालवाहू पडाव दिसत होते. त्या काळी प्लेटवर काही सेकंद प्रकाश पडू द्यावा लागे, म्हणून चिखलात बसलेले पडाव रेखीव उमटले होते आणि पाण्यावरची एकमेव होडी धुरासारखी विरली होती.

चित्र सुंदर होते, पण मन त्याला मान्यता देईना. काठावर दगडी बांध नव्हता, म्हणजे 1874 मध्ये खुल्या झालेल्या चेल्सी एम्बँकमेंटच्या आधीचा हा काळ. उगमाकडे पाहणाऱ्या माणसाला चर्चच्या पलीकडे लगेच बॅटरसीचा लाकडी पूल दिसायला हवा. तो 1771 पासून 1880 च्या दशकापर्यंत तिथेच उभा होता आणि अमेरिकी चित्रकार व्हिस्लरने त्याच्या खांबांची निळी सांज रंगवली, ती याच 1870 च्या दशकात. स्कॅनमध्ये मात्र पूल नव्हताच. प्रत्यक्ष जाऊन पडताळण्याची सोयही उरलेली नाही, कारण बांधाने तो काठ बुजवला आणि जुना मनोरा 1941 च्या एप्रिलमधील बॉम्बहल्ल्यात कोसळला.

पुरावा मिळणार तो प्लेटमध्येच. ओल्या कलोडियनच्या पद्धतीत छायाचित्रकार काचेचा एक कोपरा धरून तिच्यावर कलोडियन हा चिकट द्राव ओततो, आणि तो थर सुकण्याआधी छायाचित्र घेऊन, अंधाऱ्या तंबूत किंवा खोलीत जाऊन ते धुऊन काढतो. पुढे थरावर व्हार्निश चढवले, की दोन्ही बाजू सारख्याच चकाकतात आणि थराची बाजू ओळखणे अवघड होते. स्कॅन करणाऱ्याची चूक इथेच झाली असावी, आणि तिचा मला राग आला नाही. मी प्लेट तिरप्या प्रकाशात धरली. एका कोपऱ्यात थर तुटक होता आणि तिथे अंगठ्याचा ठसा उमटलेला होता, दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा, रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. थराची बाजू ती होती, आणि स्कॅन त्याच बाजूने झाल्यामुळे डावे-उजवे उलटले होते. चित्र काचेच्या बाजूने पाहायला हवे होते.

प्रतिमा उलटवताच मनोरा डावीकडे गेला आणि भिंगाखाली नदीकाठच्या एका पाटीवरची अक्षरे सरळ वाचता आली: होड्या भाड्याने मिळतील. छायाचित्रकार पुलावर उभा राहून समुद्राच्या दिशेने पाहत होता, म्हणूनच पूल चित्रात नव्हता. व्हिस्लर थेम्सच्या काठी बसून थेट तांब्याच्या पत्र्यावर रेखाटत असे, त्यामुळे कागदावर छापल्यावर त्याच्या बऱ्याच मुद्राचित्रांत काठ उलटा उमटतो; तिथे ते त्या तंत्राचे अंग मानावे लागते. छायाचित्राच्या नोंदीत मात्र नावाड्यांना त्यांच्याच काठावरून हलवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला फार वाटते.

माझ्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी भिंगातून पाटी दोनदा वाचली आणि नवा स्कॅन करायला सांगितले. मी आम्लमुक्त कागदाच्या पाकिटावर शिसपेन्सिलीने नवी नोंद लिहिली, ‘बॅटरसी पुलावरून चेल्सीचा काठ, समुद्राच्या दिशेने’, आणि खाली थराची बाजू दाखवणारा बाण काढला.