लोक दवाखान्यात का येत नाहीत?

"गाडी फुकट, बाळंतपण फुकट, वर अनुदान, तरी तुमचे आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत?" मी मेळघाटात नर्स आहे म्हटलं की हे विचारलं जातंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

येतात हो. अडतं ते पुढे पाठवताना. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यात घाट. कमी वजनाचं बाळ घेऊन आई तिकडे गेली तर घरच्या दोन लेकरांना कोण बघणार? शेळ्या कोण सोडणार? सोबत गेलेल्या नवऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच. बाजारापुरती हिंदी तिला येते, पण बाळ रात्रभर कसं कण्हत होतं ते कोरकूतच सांगता येतं, आणि वॉर्डात कोरकू कुणालाच कळत नाही. मग दोन दिवसांत ती बाळाला घेऊन निघून जाते आणि कागदावर शेरा पडतो, 'न सांगता गेले'.

भुमक्याकडे, म्हणजे गावातल्या वैदूकडे, जातात म्हणून लोक नावं ठेवतात. बाळाच्या पोटावर चटके देणं बंदच व्हायला हवं, त्यात दुमत नाही. पण भुमका मध्यरात्री दार उघडतो, शेजारी बसतो, आपल्या भाषेत विचारतो. आपण हे कधी करणार?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ते करून दाखवलं. 39 गावांतल्या बायकांनाच त्यांनी नवजात बाळाची काळजी शिकवली आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. 1999 साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज देशभर आशाताई घरी येऊन बाळ तपासतात, त्याचं मूळ तिथलं. आमच्या पाड्यावरची आशा अंगडं वर करून बाळाच्या पोटाकडे पूर्ण मिनिटभर बघत राहते, ओठ हलवत श्वास मोजते. 60 किंवा जास्त भरले की पुन्हा मोजते, तितकेच आले की लगेच फोन करते. तिचं ऐकून आई निघते, कारण ती त्यांच्यातलीच.

म्हणून मला नव्या योजनेपेक्षा आधी हे हवंय: मोठ्या दवाखान्याच्या बालविभागात रात्रपाळीलाही कोरकू बोलणारी एक बाई, आशाचा मोबदला वेळेवर, आणि बुडीत मजुरीचे पैसे बाळाला सुट्टी मिळते त्याच दिवशी आईच्या हातात.