आधी स्कोअर, मग आवाज: मारव्यावरची ऑर्केस्ट्रा-रचना आणि आमचा गट

नवी ऑर्केस्ट्रा-रचना दुसऱ्या संगीतकाराला दाखवायची असेल तर मी आता ऑडिओ आधी पाठवत नाही. आधी फक्त स्कोअरची, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेल्या पानांची, पीडीएफ आणि सोबत माझे दोन-तीन प्रश्न. ऐकणं नंतर. एकमेकांच्या रचना तपासणाऱ्या आमच्या गटाचा हा नियमच आहे, आणि माझी मारवा रागावरची रचना वाजण्याजोगी झाली ती त्यामुळेच.

गट लहान आहे. आम्ही काही जण पुण्या-मुंबईचे, एक मुलगी लंडनला कंपोझिशन शिकते, आणि मडगावचे एक काका. काका व्हायोलिन वाजवतात, त्यांचे वडील मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत वाजवायचे. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला शिकवत, आणि पुढे हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद अशा वादकांच्या जोरावर उभे राहिले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ मध्ये भारतीय रागांवरच्या रचनांसाठी स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. काकांना हे सगळं घरातून मिळालंय. स्कोअर हातात आला की त्यांची डाव्या हाताची बोटं हलायला लागतात, आणि जिथे ती अडतात तिथे आम्ही पेन्सिलीने खूण करतो.

ऑडिओ नंतर का? म्यूझस्कोअर हे स्कोअर लिहून वाजवून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्याचे आवाज फार सुंदर झालेत, आणि धोका तिथेच आहे. संगणकाला श्वास लागत नाही आणि एका फ्लूटला चार हॉर्नच्या वर ऐकू आणणं त्याला जमतं. माझ्या रचनेच्या सुरुवातीला फ्लूटचे अगदी खालचे स्वर होते आणि त्याखाली हॉर्न आणि व्हायोलांचा भरणा. स्पीकरवर सगळं स्वच्छ ऐकू यायचं. लंडनच्या मुलीने नुसत्या पानावर बघून विचारलं, "दादा, ही फ्लूट हॉलमध्ये कोणाला ऐकू येणार?" खालच्या सप्तकात फ्लूटचा आवाज मऊ, हवेशीर असतो, पण त्याला जोर नसतो. तिने सुचवलं की तीच ओळ क्लॅरिनेटलाही द्यावी, त्याचा खालचा आवाज भरीव असतो. मला मात्र तो हवेशीरपणाच हवा होता. म्हणून मी हॉर्न काढले, व्हायोलांचे निम्मेच वादक ठेवले आणि फ्लूटला हात लावला नाही. प्रतिक्रिया ऐकावी ती अशी: अडचण दुसऱ्याने दाखवायची, उपाय मात्र आपला आपण शोधायचा.

खरी कसोटी मींडेची होती, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकण्याची. मारव्यात धैवत आणि कोमल रिषभ यांचं नातं म्हणजे रागाचा जीव. मी षड्ज 'डी'वर धरला होता, म्हणजे धैवत 'बी' आणि रिषभ 'ई फ्लॅट'. चेलोंना धैवतावरून रिषभाकडे मींड दिली आणि दोन स्वरांमध्ये रेघ ओढली. काकांनी विचारलं, "ही रेघ सुरू कधी होते?" गवई धैवतावर रेंगाळतो आणि मग सरकतो. पण रेघ बघून एक वादक लगेच सरकेल, दुसरा शेवटच्या क्षणी, आणि आठ चेलोंच्या आठ मींडा होतील. त्यांच्या सांगण्यावरून मी धैवत पुढच्या ठोक्यापर्यंत बांधून नेला, तिथून रेघ सुरू केली आणि कोणत्या तारेवर वाजवायचं तेही लिहिलं.

ट्रॉम्बोनला मला धैवतापासून थेट गांधारापर्यंत मींड हवी होती. गटात एक जण ट्रॉम्बोन वाजवतो. तो म्हणाला, स्लाइड एका दमात सहाच अर्धस्वर सरकते आणि हे सात आहेत. रिषभापर्यंत मात्र सहज जमतं, स्लाइडच्या सातव्या पोझिशनवरून (जागेवरून) तिसऱ्या. मी तिथेच थांबलो. मारव्यालाही ते जास्त शोभतं.

पार्ट्स, म्हणजे प्रत्येक वादकाची वेगळी पानं, काढणं हे कंटाळवाणं काम, पण त्यात कसूर चालत नाही. पान उलटायच्या जागी विराम हवा, लांब विराम संपता संपता शेजारच्या वाद्याची ओळ बारीक अक्षरात छापलेली हवी, म्हणजे कुठे शिरायचं ते कळतं, आणि बार नंबर तर हवेतच.

आपल्याकडे पूर्ण वृंद मिळणं दुर्मीळ. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, पण नवख्याच्या कच्च्या कामासाठी पूर्ण वृंदाचा वेळ कोण देणार? आम्हाला एका विद्यार्थी वृंदाने तालमीनंतरचा अर्धा तास दिला. त्यांनी रचना पहिल्यांदाच बघून वाजवली. फ्लूट ऐकू आली. चेलो एकत्र सरकले, आणि त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. डबल बासच्या षड्जावर मात्र सगळ्यांचा गज एकदमच फिरत होता आणि सूर तुटत होता. मागच्या बाकावरच्या मुलाने स्वतःहून सांगितलं, "सर, आम्ही आळीपाळीने गज बदलतो, तुम्ही फक्त तसं लिहून द्या." लिहून दिलं आणि सूर अखंड झाला.

या सगळ्यात मी जितकं दिलं तितकंच घेतलं. लंडनच्या मुलीच्या रचनेतले ओबोचे खालचे स्वर अगदी हळू वाजवायला लिहिलेले होते आणि तिथे ओबो हळू निघता निघत नाही, हे तिला मी सांगू शकलो, कारण त्या वेळेपर्यंत मी गटातल्या इतरांचे स्कोअर रात्री उशिरापर्यंत वाचले होते.

शेवटच्या भागातली क्लॅरिनेटची गमक, म्हणजे स्वराला दिलेलं जोरकस आंदोलन, अजून सुटलेली नाही. काका म्हणतात प्रत्येक स्वर लिहून काढ, ट्रॉम्बोनवाला म्हणतो एक वळणदार रेघ दे आणि वादकाला गाऊन दाखव. दोन्ही पार्ट्स छापून ठेवलेत, पुढच्या तालमीत दोन्ही वाजवून बघणार आहे.