तिरफळं संपली

काकू वाईट बोलल्या नाहीत, हे आधी लिहून ठेवते. दोनदा भात घेतला. मग हात धुता धुता म्हणाल्या, "छान झालं होतं गं. पण हे आपलं नव्हे."

रात्रीचे साडेबारा वाजलेत आणि मी अजून त्या 'नव्हे'पाशीच.

तिरफळं संपली होती, म्हणून साबाच्या, म्हणजे इथल्या बांगड्याच्या, तिखल्यात सिचुआन मिरी घातली. तीही तिरफळाच्याच कुळातली, जिभेला तशाच मुंग्या आणते. लवंग-वेलची नव्हती टाकली! आमसुलं तर काकूंनीच पाठवलेली. तोक्योत, निशिकासाईत तेरा वर्षं झाली. माझ्या हातची चव कधी बदलली, कोणी बोललंच नाही. फोनवरून आईला वास थोडाच येतो. ती इथे असती तर... जाऊ दे.

आपलं नव्हे म्हणे.

मिरीची पुडी आवरताना चेन केनिची आठवला. पिवळा झगा, 'आयर्न शेफ' या जपानी टीव्हीवरच्या पाकस्पर्धेतला चिनी पदार्थांचा बल्लव. १९९३ ते १९९९, सुरुवातीचे बाकीचे बदलले, हा शेवटपर्यंत टिकला. वडील केनमिन मूळ चीनमधल्या सिचुआनचे. १९५२ साली जपानला आले, १९५८ साली तोक्योत शिसेन हानतेन नावाचं हॉटेल काढलं. इथल्या जिभांना झेपेल असं मापो तोफू (तिखट रश्शातलं तोफू) केलं, कोळंबीच्या चिलीत चक्क केचप घातलं. माझ्या स्वयंपाकात थोडं खोटं आहे, पण ते चांगलं खोटं, असं म्हणायचे.

पण केनिची जन्मला १९५६ साली, तोक्योतच, जपानी आईच्या पोटी. वडिलांचं ते खोटं त्याला कुठून खोटं लागणार? त्याचं ते घरचं जेवण. १९९० साली वडील गेले, तेव्हापासून हॉटेल त्याने सांभाळलं. २०२३च्या मार्चमध्ये तोही गेला, सदुसष्टाव्या वर्षी. त्याला कोणी 'हे आपलं नव्हे' म्हटलं असेल, तर त्याने काय करायचं होतं? कुठलं आपलं?

आणि त्याचा मुलगा केनतारो शिकायला गेला कुठे, तर सिचुआनला!

हे लिहिताना एकटीच हसले. माझ्या चिनूने आज तिसऱ्यांदा वाढून घेतलं होतं, ते मघाशी लिहायचंच राहिलं. कधीतरी ही मालवणला जाईल, तिथलं तिखलं खाईल आणि नाक मुरडून म्हणेल, हे आपलं नव्हे.

सकाळी काकूंना पेज करते. तांदूळ जपानी, कोशिहिकारी आहे, पण ते सांगणार नाही.